होकार यायच्या आधी

देशाचं नाव विचारू नका, मी सांगायची नाही. एकदा दुधाने तोंड पोळलंय, आता ताकसुद्धा फुंकून पिते. बाकी सगळं सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. झाला तो घोळही त्याच स्वभावापायी झाला.

मी यमुना कारखानीस. सत्त्याहत्तर साली लग्न होऊन ठाण्याहून कॉव्हेंट्रीला आले आणि इथलीच झाले. आमचे हे, म्हणजे पद्माकर, इंजिनाच्या कारखान्यात चाळीस वर्षं होते. तिथल्या आवाजाला कंटाळून की काय, घरी दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात, त्यातली सहा चहाबद्दल असतात. मुलगी एकच, देवयानी. आता शेहेचाळीस वर्षांची आहे. लग्न केलं नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलणं मी सोडून दिलंय.

देवयानी इंग्लंडच्या फॉरिन ऑफिसात आहे. बावीस वर्षं झाली. डिप्लोमॅट म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, पण तिच्या आईला विचारा. पहिली तीन वर्षं ती लंडनला एका टेबलाशी बसून कागद लिहायची. मग आफ्रिकेत एका ठिकाणी व्हिसाच्या खिडकीमागे. मग अशा एका शहरात, की जिथे गोळीबार सुरू झाल्यावर बाकीच्यांना विमानात बसवून ही मागे राहिली. नऊ दिवस मी टीव्हीसमोरून उठले नव्हते. दहाव्या दिवशी तिचा फोन आला, आई, मी ठीक आहे, तू जेवलीस का. बरं, तिथे काय केलंस विचारलं तर म्हणते मीटिंग्ज होत्या. गोळ्या उडताहेत आणि हिच्या मीटिंग्ज. एकदा मात्र आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो होतो, ती एका वकिलातीत डेप्युटी, म्हणजे राजदूताच्या हाताखाली, होती तेव्हा. इंग्लंडच्या राजाच्या वाढदिवसाची पार्टी होती, हिरवळीवर चारशे माणसं. माझी मुलगी दाराशी उभी राहून दोन तास प्रत्येकाशी हात मिळवत होती, ज्याचं त्याचं नाव घेत, ज्याच्या त्याच्या भाषेत. मी ह्यांना म्हटलं, अहो, ही आपलीच का हो? हे म्हणाले, चहा कुठे मिळतो बघ.

तर ही अशी मुलगी, आणि मंडळात मी काय सांगू? आमचं मराठी मंडळ लहान आहे, साठेक घरं. तिथे चार बायका जमल्या की पहिला विषय मुलं. एकीचा हृदयाचा सर्जन, दुसरीचा लंडनला बँकेत, तिसरीच्या मुलीने मिल्टन कीन्सला पाच बेडरूमचं घर घेतलंय. मला कुणी विचारलं तर मी म्हणायची, हो, ऑफिसात असते, परदेशी असते. बास. कारण देवयानीची सक्त ताकीद, आई, काय करते, कुठे जाणार आहे, काही बोलू नकोस. बावीस वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं होतं. अलका ठोसर तर एकदा भर हळदीकुंकवात म्हणाली, म्हणजे देवयानी क्लार्कच ना गं? मी वाण हातात घेऊन तशीच घरी आले होते.

ऑगस्टमध्ये देवयानी लंडनहून घरी आली. मागच्या अंगणात ह्यांच्या टोमॅटोजवळ खुर्च्या टाकून बसलो होतो. तिने सांगितलं की तिचं नाव अँबॅसडर म्हणून ठरलंय. राजदूत. मोठा देश, महत्त्वाचा देश. जानेवारीत जायचं. मी उठून देवापुढे साखर ठेवली, ह्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले, आणि मग देवयानी म्हणाली, हे घरातच ठेवायचं हं, जाहीर होईपर्यंत. मी म्हटलं, अगं, मला काय सांगतेस, बावीस वर्षांचा अनुभव आहे.

आता ऐका काय केलं मी. आमचं मंडळ दरवर्षी दिवाळी अंक काढतं. फार मोठा नाही, अठ्ठेचाळीस पानं, साठ प्रती. त्यात एक सदर असतं, 'आपली माणसं'. कुणाच्या मुलाला ए लेव्हलच्या परीक्षेत चांगले मार्क मिळाले, कुणी मॅरेथॉन पळालं, असलं सगळं. बावीस वर्षांत देवयानीची एक ओळ त्यात आली नव्हती. मजकूर द्यायची शेवटची तारीख एकतीस ऑगस्ट, अंक वाटणार ऑक्टोबरच्या शेवटी. मी हिशेब केला. दोन महिन्यांत सरकार जाहीर करणारच, रेंगाळायला ते काय आमच्या कौन्सिलचं खड्डे बुजवायचं खातं आहे? अंक हातात पडेल तोवर बातमी शिळी होईल, उलट मीच मागे पडले असं म्हणतील. बसले आणि दीड पान लिहून काढलं. देशाचं नाव, पद, महिना, सगळं. लिहिताना इतकं बरं वाटत होतं की मी आणखीही काही काही लिहून गेले. संपादक अर्चना फडणीसला पाकिटात घालून दिलं आणि त्यानंतर तो विषय खरंच डोक्यातून गेला.

दिवाळीनंतरच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम झाला. नाच, गाणी, फराळ, आणि दाराशी अंक. पान एकेचाळीसवर माझा मजकूर, देवयानीचा फोटो. मी घरी आणून तीनदा वाचला. छान झोप लागली.

रविवारी दुपारी देवयानीचा फोन आला. मी विचारलं, काय गं, तुझं जाहीर कधी होणार? ती म्हणाली, अजून होकारच आलेला नाही. मी म्हटलं, कुणाचा होकार? राजाने तर सही केली ना?

मग तिने मला नीट समजावलं, जे तिने ऑगस्टमध्ये समजावायला हवं होतं, किंवा मी तेव्हा ऐकायला हवं होतं. राजदूत नेमताना ज्या देशात पाठवायचं त्या देशाला आधी गुपचूप विचारतात, की ही व्यक्ती तुम्हाला चालेल का. ते हो म्हणाले की मगच जाहीर करायचं. तोवर कुठे वाच्यता झाली तर तो देश दुखावतो. आम्हाला गृहीत धरलंत का, म्हणून. आणि नाही असं कुणी म्हणत नाही, ते नुसते गप्प बसतात. महिनाभर, दोन महिने, सहा महिने. शेवटी इकडच्यांनी समजायचं आणि दुसऱ्या कुणाला पाठवायचं. तिच्या ओळखीच्या एकाचं असंच झालं होतं, कुणा मित्राने कौतुकाने कुठेतरी चार ओळी लिहिल्या आणि संपलं. त्याला पुन्हा तसं पद मिळालं नाही. तिच्या बाबतीत तर तिकडचा मंत्रीच सप्टेंबरमध्ये बदलला होता आणि नव्याच्या टेबलावर फाइल पडून होती.

मला सगळं एका क्षणात कळलं. स्थळ पाहिलंय, पत्रिका जुळलीय, पण मुलाकडच्यांचा होकार यायचाय. आणि मुलीच्या आईने लग्नपत्रिका छापून गावात वाटल्यात.  देवयानी पलीकडून हॅलो हॅलो करत होती. मी म्हटलं, दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला.

ह्यांना सांगितलं.  हे म्हणाले, "आत्ता फोन कर आणि तिला सांगून टाक." मी म्हटलं, आधी अंक गोळा करते, मग सांगते. चूक निस्तरून सांगितली की निम्मी होते. हे म्हणाले, होत नाही. मी ऐकलं नाही. ह्यांचं मी फारसं ऐकत नाही, ती सवय अंगी मुरली आहे.

सोमवारी सकाळी नऊला अर्चनाच्या दारात. ती घरून काम करते, कानाला तो हेडफोन लावलेला, मला बघून घाबरलीच. मी सांगितलं की माझ्या मजकुरात एक मोठी चूक राहिली आहे, सगळे अंक परत घ्यायला हवेत. तिने विचारलं, कुठली चूक? मी म्हटलं, तुला वाचताना लक्षात नाही आलं? ती ओशाळली. म्हणाली, काकू, खरं सांगू, मी वाचलाच नाही. टाइप करायला पुण्याला पाठवला, आला तसा पानात बसवला. म्हणजे संपादकाने अंक वाचलेला नाही. एरवी मी तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं, पण त्या दिवशी तिची पापी घ्यावीशी वाटली. साठातले आठ अंक तिच्याकडेच पडून होते. चार बाहेरगावच्या सभासदांना पोस्टाने गेले होते, त्यांना मी फोन करून परत मागवते म्हणाली. ईमेलने सगळ्यांना पाठवायची प्रत अजून जायची होती, ती तिने माझ्यासमोर थांबवली. राहिले अठ्ठेचाळीस, घरोघरी.

तीन दिवस हे गाडी चालवत होते आणि मी दारं वाजवत होते. अर्ल्सडनपासून टाइल हिलपर्यंत एक मराठी घर सोडलं नाही. पहिल्या घरी वाटत होतं, की आता बाई म्हणणार, अगं यमुनाताई, अभिनंदन. बाईंनी अंक शोधायलाच वीस मिनिटं लावली. गाडीच्या डिकीत होता, मुलाच्या फुटबॉलच्या बुटांखाली. दुसरीकडे त्यावर चिवड्याचा डबा ठेवलेला, मुखपृष्ठावर तेलाचं गोल वर्तुळ. तिसरीकडे नातीच्या नाचाचा फोटो असलेलं पान कापून फ्रिजला लावलेलं आणि बाकीचा अंक रिसायकलिंगच्या डब्यात. मी डब्यात हात घालून काढला. त्या घरचे आजोबा म्हणाले, तुमची कविता मात्र फार सुंदर होती. मी आयुष्यात कविता लिहिलेली नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस अंक आमच्या जेवणाच्या टेबलावर होते, आणि त्यातल्या एकाही घरात पान एकेचाळीस कुणी उघडलेलं नव्हतं. नव्या मंडळींना वेळ नाही. इथे जन्मलेल्या मुलांना मराठी वाचता येत नाही. जुन्यांचे चष्मे सापडत नाहीत. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्याच्यामागून संतापही आला. अरे, एवढी पोटतिडकीने लिहिते बाई, एकाने तरी वाचावं की नाही? हे म्हणाले, तू नक्की काय ठरवलंयस, वाचलेलं हवंय की न वाचलेलं?

अठ्ठेचाळिसावा अंक अलकाकडे होता. ते घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. अलका ठोसरच्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या मंडळाला ठाऊक आहे. आणि खरी भीती तीही नव्हती. देवयानी जिथे जाणार, तिची सून त्याच देशाची. सुनेचा काका तिकडे सरकारात कुठल्यातरी मोठ्या जागेवर, हे अलकानेच आम्हाला दहा वेळा ऐकवलेलं. अंक अलकाने वाचला तर सुनेला कळणार, सुनेला कळलं तर काकाला, आणि माझ्या मुलीची बावीस वर्षं पाण्यात.

गुरुवारी सकाळी गेले. सून कामाला गेली होती. अलकाने मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत खणातून अंक काढून माझ्यापुढे ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दोऱ्याने बांधलेला. म्हणाली, अर्ध्या गावातून गोळा करत हिंडतेस हे मला सोमवारीच कळलं. मी विचारलं, वाचलास? ती म्हणाली, "शनिवारीच वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि वाचून लगेच गुंडाळून ठेवला. सुनेच्या घरच्यांच्या कानावर असल्या गोष्टी अशा जाऊ नयेत, एवढं मलाही कळतं."

 आयुष्यभर जिचा धसका घेतला तिने पाच दिवस पोटात ठेवलं होतं, घरात सून समोर असताना. मी तिचा हात धरला. रडूच आलं मला. ती म्हणाली, रडायचं नंतर, आधी एक सांग. शेवटी लिहिलंयस ते देवयानीला बोललीस का कधी?

आता तेही सांगायला हवं. देवयानी अठरा वर्षांची असताना तिला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. मी मंडळात पेढे वाटले होते. आणि ती एके दिवशी म्हणाली, मला डॉक्टर व्हायचं नाही, भाषा आणि इतिहास शिकायचाय. घरात महाभारत झालं. मी काय नाही बोलले तिला. त्यानंतर आठ महिने मी तिच्याशी फोनवर फक्त जेवलीस का एवढंच बोलत होते. पुढे फॉरिन ऑफिसात लागली तेव्हाही मी म्हटलं होतं, शेवटी सरकारी कारकुनीच ना. अलका क्लार्क म्हणाली तर मला राग आला, पण तो शब्द आधी माझ्याच तोंडातून गेला होता. काळ गेला, सगळं सुरळीत झालं, पण त्यावर पुन्हा आम्ही दोघी कधी बोललो नाही. आणि ऑगस्टमध्ये त्या आनंदाच्या भरात मी शेवटी लिहून गेले होते, की तिने डॉक्टर व्हावं म्हणून मी तिला छळलं, तिने ऐकलं नाही, तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं.

अलकाला म्हटलं, नाही, बोलले नाही. ती म्हणाली, कमाल आहे तुझी. साठ घरांना छापून सांगितलंस आणि पोरीला सांगायचं राहिलं.

घरी आले. अठ्ठेचाळीस अंक झाले, म्हणजे काम फत्ते. आता खरं तर गप्प बसता आलं असतं. कुणी वाचलं नव्हतं, अलका बोलणार नव्हती, देवयानीला आयुष्यात कळलं नसतं. तो मोह मला झाला, खोटं कशाला सांगू. पण रात्रंदिवस तेच डोक्यात, की अलकाने वाचून गप्प राहणं निराळं आणि मी करून गप्प राहणं निराळं. होकार आल्याचं मला अजून कळलं नव्हतं. उद्या तिकडून गप्पच बसले तर ती बिचारी कारण शोधत राहणार, माझं काय कमी पडलं म्हणून. आणि ते मला माहीत असणार. मी तिला फोन करून रविवारी घरी ये म्हटलं. ती म्हणाली, येतच होते.

रविवारी अकराच्या गाडीने आली. हे तिला स्टेशनवरून घेऊन आले आणि सरळ टोमॅटोच्या वाफ्याकडे गेले. नोव्हेंबर लागलेला, तिथे आता टोमॅटो कुठले, पण मला एकटीला सोडायचं म्हणून गेले. मी तिला बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ऑगस्ट, दीड पान, साठ प्रती, रविवारी फोन का ठेवला, अलकाने वाचलं ते, सगळं. जेवायला वाढायच्या आधीच सांगितलं, कारण माझ्या हातचं खाऊन मग तिने ते ऐकावं हे मला पटेना. ती मान जरा तिरकी करून ऐकत होती. त्या हिरवळीवर अनोळखी माणसाचं ऐकताना करायची ना, तशीच. 

माझं संपल्यावर तिने बॅगेतून अंक काढला.

मला काही कळेना. साठांत तो कुठून आला? ती म्हणाली, तूच मला मंडळाची आजीव सभासद केलंस, विसरलीस? पोस्टाने जातो तो अंक तिच्याही घरी जातो. दरवर्षी ती पाकीट न उघडता कपाटात ठेवते. पण ह्या मंगळवारी अर्चनाचा फोन आला, देवयानी, काकूंच्या मजकुरात चूक आहे, त्या घरोघरी फिरून अंक गोळा करताहेत, तुझी प्रत परत पाठव. तेव्हा हिने पाकीट फोडलं. अर्चनाला मीच कामाला लावलं होतं. म्हणतात ना, आपलेच दात, आपलेच ओठ.

सरकारने तिला दोन अवघड भाषा शिकवल्या, पण मराठी वाचायला शिकवली ती मी, मंडळाच्या शनिवारच्या वर्गात, तीही तिसरी-चौथीपर्यंत. पान एकेचाळीस पेन्सिलने भरून गेलं होतं. शब्दाशब्दावर बारीक इंग्रजी. दीड पान वाचायला तिला अडीच तास लागले होते.

मी विचारलं, मंगळवारपासून तुला माहीत आहे, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मला बघायचं होतं, तू सांगते का."

मी खाली बघितलं. ती पुढे सांगत होती. बुधवारी सकाळी तिने ऑफिसात जाऊन वरिष्ठांना, म्हणजे तिच्या साहेबबाईंना, सगळं सांगितलं. तसा नियम आहे, लपवायचं नाही.  त्यांनी विचारलं, नक्की काय लिहिलंय ते इंग्रजीत सांग. मग माझी मुलगी लंडनच्या त्या ऑफिसात बसून आईचं दीड पान मोठ्याने भाषांतर करून वाचत होती. देशाचं नाव आलं तेव्हा साहेबबाईंनी कपाळाला हात लावला. पण शेवटापर्यंत आल्यावर हिलाच पुढे वाचता येईना. साहेबबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग विचारलं, किती लोकांपर्यंत गेलंय? हिने सांगितलं, साठ प्रती, आणि माझी आई घरोघरी जाऊन एकेक परत घेते आहे. त्या म्हणाल्या, मग आपण काही करायला नको, तिच्याइतकं चोख काम आपल्या माणसांकडून व्हायचं नाही.

"आणि गुरुवारी दुपारी होकार आला," देवयानी म्हणाली.

मी म्हटलं, काय? ती म्हणाली, होकार आला आई, नवीन मंत्रीने सही केली. मी पुन्हा म्हटलं, काय? मग तिने उठून माझे दोन्ही खांदे धरले आणि तिसऱ्यांदा सांगितलं. मी खुर्चीत बसले ती बसलेच. आठ दिवस छातीवर जे काही होतं ते एकदम उतरलं आणि त्याच्या जागी काय आलं तर भूक. खरंच सांगते, कडकडून भूक लागली. बाहेर खिडकीतून ह्यांना ओरडून सांगणार तर देवयानीने तोंडावर हात ठेवला. जाहीर अजून व्हायचंय, म्हणाली, पंधरा दिवसांनी. शेजारच्या अंगणात बाई दोरीवरचे कपडे काढत होती. मी चुपचाप जाऊन ह्यांच्या कानात सांगितलं. हे तिथेच चिखलात टेकले.

आत आले तर ती तो अंक उघडून बसली होती. तिचं बोट शेवटच्या ओळींवर.

"हे तू लिहिला," ती म्हणाली. तिचं मराठी असंच, मी सुधारत नाही हल्ली. "अलकाकाकूने वाचला. माझ्या बॉसने ऐकला. मला तू अजून बोलली नाहीस."

पळायला जागा नव्हती. लिहिणं किती सोपं असतं, समोर कागद असतो, तो तुमच्याकडे बघत नाही. इथे तिचे डोळे होते, तेच अठराव्या वर्षाचे. मी पदर शोधायला लागले आणि साडी नेसलेच नव्हते, ट्राउझर होती. तेव्हा हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "देवयानी, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

 तिचं नाक लाल झालं, हनुवटी थरथरायला लागली, शेहेचाळीस वर्षांची बाई, उद्याची राजदूत. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळाने ती तशीच म्हणाली, "पुन्हा एकदा सांग."

मी पुन्हा सांगितलं.